आण्णांचा ताळा

"तुम्ही जरा टोपी काढा," खासनीस सर आण्णांना म्हणाले.

कॉलेजचं सभागृह भरलेलं होतं. मी स्टेजवर टेबलामागे बसले होते, सर फळ्यापाशी खडू घेऊन उभे होते आणि माझे वडील, म्हणजे आण्णा, खाली पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर. आमच्या मंगळवेढ्याकडे त्या काळी माणूस डोकं उघडं करायचा ते अंघोळीला, नाहीतर मयताला. पन्नाशीच्या माणसाला चारशे लोकांत टोपी काढ म्हणणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखंच होतं.

"का बरं, सर?" आण्णांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"मघापासून बघतोय. मुलगी गप्प होते, मग तुमचा हात टोपीला जातो, आणि मग ती उत्तर देते. दोन्ही गणितांना असंच झालं. तिसऱ्याला टोपी नसली तर तिचं काही अडणार आहे का?"

मागच्या बाकांवरून कोणीतरी शिट्टी घातली. आण्णा उठले. टोपी काढली, तिची घडी घातली आणि ती मुठीत धरून पुन्हा बसले. त्यांचं पांढरं टक्कल मी घराबाहेर त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला सरांचा असा राग आला की काय सांगू. आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली, कारण सर म्हणत होते त्यात काहीच खोटं नव्हतं.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. त्या गावाचं नाव मी घेत नाही, कॉलेज अजून चालू आहे. मी तेव्हा अठराची होते आणि सहा वर्षं गावोगावच्या शाळांतून तोंडी गणिताचे कार्यक्रम करत होते. भिंतीवर कागद लागायचे, 'गणनकन्या कुमारी महानंदा हत्तरगे'. मोठमोठे गुणाकार, घनमुळं, कुठल्याही तारखेचा वार. पोरं टाळ्या वाजवायची, हेडमास्तर नारळ आणि शाल द्यायचे, आणि आम्ही पुढच्या एसटीत बसायचो. बारावी मी बाहेरून दिली ती या फिरतीतच.

आण्णा आधी अडत दुकानात दिवाणजी होते. जुन्या दिवाणजींना नवांचा ताळा येतो. संख्येतले आकडे मिळवत जायचे, नऊ झाले की सोडून द्यायचे, शेवटी जो आकडा उरेल तो त्या संख्येचा ताळा. गुणाकार बरोबर असेल तर दोन्हीकडचा ताळा जुळतोच. न जुळला तर चूक झाली म्हणून समजायचं. आमचं दोघांचं ठरलेलं होतं. गणित झालं की मी उत्तर तोंडाने सांगायचं नाही, आधी उजव्या हाताच्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजत जायचं आणि उत्तराच्या ताळ्याच्या पेरावर थांबायचं. पहिलं पेर म्हणजे एक, दुसरं म्हणजे दोन, असं आठापर्यंत, आणि मूठ मिटली की शून्य. आण्णा खालून पेर बघणार, स्वतःच्या मनात ताळा करणार आणि जुळला की हात टोपीला लावणार. मग मी उत्तर बोलायचं. नाही जुळला तर त्यांनी खोकायचं.

सुरुवातीला, बारा-तेराव्या वर्षी, त्यांचा खोकला बऱ्याचदा ऐकू यायचा. मग कमी होत गेला. शेवटची दोन वर्षं तर ते एकदाही खोकले नव्हते. पण त्यांच्या हाताशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. उत्तर डोक्यात तयार असायचं, लखलखीत, तरी डोळे टोपीकडे लागायचे.

यात लबाडी होती का? मी स्वतःला सांगायची की नाही, गणित तर मीच करते. पण जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकाने छापलं, 'गणनकन्या की बापाच्या हातची बाहुली?' ते वाचल्यापासून माझी झोप उडाली होती. शाळा ठरलेले कार्यक्रम रद्द करायला लागल्या. तेव्हा खासनीस सरांचा निरोप आला. गणित विभागाचे प्रमुख, मोठे विद्वान, फटकळ म्हणून प्रसिद्ध. या, आमच्या कॉलेजात सगळ्यांसमोर परीक्षा द्या, खरं असेल तर मी स्वतः लिहून देईन, खोटं असेल तर तेही लिहीन.

आण्णांना आमच्या नावाची काळजी होती. मला दुसरीच धास्ती होती. ते साप्ताहिक खोटं बोलतंय, हे मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नव्हतं. टोपीशिवाय मला काही येतं की नाही, हे मी कधी करूनच पाहिलं नव्हतं.

आणि आता टोपी आण्णांच्या मुठीत होती.

त्यात दुपारी आणखी एक गोष्ट घडली होती. कार्यक्रमाच्या आधी आम्हाला पाहुण्यांच्या खोलीत बसवलं होतं. आण्णा बाहेर जाऊन आले, दार लोटून घेतलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

"नंदे, ऐक. सर शेवटी एक दांडगा आकडा देणारायत. दहा आकडी."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यांच्यात काँप्युटर आणलाय नवीन. त्या खोलीवर दस्तगीर म्हणून शिपाई आहे. मंगळवेढ्याचाच निघाला, ओळख लागली. त्यानं सांगितलं. मूळ संख्या आहे का नाही, असं विचारणार. तू म्हण, मूळ आहे. मशीननंच काढलंय तसं."

"आण्णा, हे आपण कधी केलं नाही."

"केलं नाही, खरंय."

"ताळा वेगळा. हे तर सरळ चोरून सांगणं झालं."

"अगं, शाळेतले मास्तर वेगळे आणि हे वेगळे. हा माणूस आपल्याला उघडं पाडायलाच बसलाय. मूळ संख्येला माझा ताळा काय कामाचा? मी तिथं बसून काय करणार सांग?" त्यांनी माझं मनगट धरलं. "एवढ्या एका बारीला ऐक माझं. हट्ट करू नको."

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. तेवढ्यात बोलावणं आलं.

आता सरांनी फळा पुसला आणि मोठ्या, गोल आकड्यांत लिहिलं: ३२१५०३१७५१. लिहिता लिहिता एकेक आकडा मोठ्याने वाचला.

"तीनशे एकवीस कोटी पन्नास लाख एकतीस हजार सातशे एक्कावन्न," ते सभेकडे वळून म्हणाले. "जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही पूर्ण भाग जात नाही ती मूळ संख्या. भाग जातो ती संयुक्त. महानंदा, मला एवढंच सांग. ही मूळ की संयुक्त? वेळ हवा तेवढा घे. आमच्या मशीनला पुष्कळ लागला होता."

लोक हसले. दाराशी खाकी कपड्यांत एक उंच माणूस उभा होता, तो मात्र हसला नाही. तोच दस्तगीर असावा.

मला 'मूळ' एवढा एक शब्द म्हणायचा होता. म्हटला असता तर सुटले असते. पण मला लहानपणापासून एक खोड आहे. संख्या समोर आली की मी तिला भागायला लागते. एसटीचा नंबर असो, तिकिटाचा असो, भागून झाल्याशिवाय मन दुसरीकडे वळत नाही. तर मी मनात सुरुवात केली, म्हटलं, बघू तर खरं, मग म्हणूच मूळ.

दोन आणि पाच उघडच नाहीत. तीन-तीन आकड्यांचे गट पाडले आणि एकदा मिळवून एकदा वजा करत गेलं की सात, अकरा आणि तेरा एका दगडात पडतात. उरले नऊशे बत्तीस, तिघांपैकी कोणालाच जात नाहीत. तेच गट नुसते मिळवले तर बरोबर एक हजार आले, म्हणजे तीनही नाही आणि सदतीसही नाही. मग सतरा, एकोणीस, तेवीस. एकेकीला दारात उभं करायचं आणि परत पाठवायचं. साठीत गेले, सत्तरीत गेले. सत्त्याण्णव झाली. शंभर ओलांडले.

सभागृहात कोणी खोकलं की माझं डोकं आपोआप आण्णांकडे वळत होतं. ते ताठ बसले होते, मान किंचित तिरकी करून, जणू कान देऊन काही ऐकत असावेत.

एकशे एकोणपन्नास नाही. एकशे एक्कावन्न घेतली. तीनशे एकवीसमध्ये दोनदा. उरले एकोणीस, वरून पाच, एकदा. चव्वेचाळीस, वरून शून्य, दोनदा. एकशे अडतीस, वरून तीन, नऊदा. चोवीस, वरून एक, एकदा. नव्वद, वरून सात, सहादा, आणि उरला फक्त एक. वरून पाच उतरले, पंधरा झाले, शून्य वेळा. शेवटचा एक उतरला.

एकशे एक्कावन्न. भाजक स्वतःच येऊन उभा राहिला होता. बाकी शून्य.

मी भागाकार पुन्हा केला. पुन्हा तेच. ताळा केला, एकशे एक्कावन्नचा सात, भागाकाराचा चार, सात चोक अठ्ठावीस, म्हणजे एक. फळ्यावरच्या संख्येचा ताळाही एक. जुळत होता. पण चुकीचं उत्तरसुद्धा कधीकधी ताळ्याला जुळतं, हे मला आण्णांनीच शिकवलं होतं. इकडे एक अठरा वर्षांची बाहेरून बारावी झालेली मुलगी, आणि तिकडे विभागप्रमुख, त्यांचं मशीन आणि माझे वडील. तिघांचं म्हणणं एक. मी एकटी काय बरोबर असणार?

अंगठा पेरावर नेऊन ठेवला होता, तो तिथेच राहिला. खाली बघणाऱ्याजवळ टोपीच नव्हती.

"झालं?" सरांनी विचारलं. "की मदतीची वाट बघतेस?"

मागे पुन्हा हशा झाला. त्या हशाने माझं डोकं तापलं, आणि बरं झालं तापलं.

"ही मूळ नाही, सर," मी म्हणाले.

सरांनी आधी फळ्याकडे पाहिलं. मग फार हळू आवाजात म्हणाले, "पुन्हा विचार कर. घाई करू नकोस. आम्ही ही नीट तपासलेली आहे."

"नाही सर. संयुक्त आहे."

तेवढ्यात आण्णा उभे राहिले. "सर, थांबा! पोरगी गडबडलीय. तिला मूळ म्हणायचंय. नंदे, मूळ म्हण! मूळ आहे ती!"

ते माझ्याशी बोलत होते, पण बघत होते फळ्याच्या अलीकडे कुठेतरी, रिकाम्या जागेकडे. सहा वर्षांत ते कधी कार्यक्रमात मोठ्याने एक शब्द बोलले नव्हते.

सरांनी खडू खाली ठेवला. "हत्तरगे, ती मूळ आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

आण्णांनी मुठीतली टोपी दुसऱ्या हातात घेतली.

"तुम्ही आत्ता बसल्या बसल्या दहा आकडी संख्या तपासलीत? की कोणी सांगितलं?"

दारातला दस्तगीर भिंतीला चिकटून उभा होता. आण्णांनी त्याच्याकडे मान वळवली नाही, आणि नावही घेतलं नाही. खाली मान घालून उभे राहिले, उघड्या डोक्याने. मागे कुजबुज सुरू झाली आणि बघता बघता वाढली. एकजण स्पष्ट म्हणाला, "पकडला!"

आता सगळं माझ्या एका भागाकारावर येऊन ठेपलं होतं. मी चुकले असेन तर बाप लबाड आणि मुलगी अडाणी, दोन्ही एकाच दुपारी सिद्ध होणार होतं. आण्णांचा मला भयंकर राग आला होता. त्यांनी त्या क्षणी तरी गप्प बसायचं होतं. माझ्यावर एवढा सुद्धा विश्वास नाही?

"सर," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, "एकशे एक्कावन्नने भाग जातो."

"भागाकार सांग."

"दोन कोटी बारा लाख एक्क्याण्णव हजार सहाशे एक."

सरांनी खडू उचलला. मोठ्या संख्येखाली त्यांनी माझा भागाकार लिहिला, खाली एकशे एक्कावन्न, आणि शाळेतल्या मुलासारखा गुणाकार मांडला. एकची ओळ. पाचची ओळ एक घर सरकवून. पुन्हा एकची. आडवी रेघ ओढली आणि उजवीकडून बेरीज लिहायला लागले.

"एक," ते पुटपुटले. "पाच. सात."

पुढच्या रांगेतल्या मुली त्यांच्याबरोबर म्हणायला लागल्या. "एक. तीन. शून्य." मग सगळं सभागृहच म्हणायला लागलं, मघाशी शिट्टी घालणारेसुद्धा. "पाच! एक! दोन!"

शेवटचा तीन लिहून सर मागे सरकले. वरची ओळ आणि खालची ओळ त्यांनी बोट ठेवून दोनदा पडताळली. टाळ्यांचा कडकडाट झाला, पण मी सरांच्या पाठीकडेच बघत होते. ती पाठ बराच वेळ वळली नाही. मग वळली, आणि बघते तर काय, सर हसत होते! इतका फटकळ माणूस, पण परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखा हसत होता.

"माझं चुकलं," ते मोठ्याने म्हणाले. "मुंबईला माझा एक मित्र आहे. त्याने मला ही संख्या पाठवली, 'तुझ्या मशीनला घाल' म्हणून. शंभरापर्यंतच्या मूळ संख्यांनी मी हाताने भागलं. पुढे कोण भागत बसतो, मशीन आहे ना! एक कसोटी आहे. लहान संख्येचा ठराविक घात काढायचा आणि या मोठ्या संख्येने भागायचं. मूळ असेल तर बाकी एक उरते. मी दोनचा काढला, तीनचा काढला, पाचचा आणि सातचा काढला. चारही वेळा एक. मित्राला कळवून टाकलं, मूळ आहे. तो गप्प का बसलाय ते आत्ता कळलं. मूळ संख्येची बाकी एक उरते हे खरं, पण एक उरली म्हणून ती मूळ असतेच असं नाही. हे मी दर वर्षी वर्गात शिकवतो!"

लोक हसले आणि सरही हसले. मग त्यांचं लक्ष अजून उभ्या असलेल्या आण्णांकडे गेलं आणि हसू मावळलं.

"हत्तरगे, तुम्हाला उत्तर बाहेरून कळलं होतं. ते तुम्ही मुलीलाही सांगितलं होतंत. खरं ना?"

"खरं," आण्णा म्हणाले. "पोरीचा दोष नाही. तिनं नको म्हटलं होतं."

"सांगितलेलं उत्तर चुकीचं होतं. तिने ते मानलं नाही. बापाचं नाही, माझं नाही, मशीनचंही नाही." सर सभेकडे वळले. "मी कितीही परीक्षा घेतली असती तरी याहून चांगली शहानिशा झाली नसती. मुलगी खरी आहे. मी तसं लिहून देतो."

लिहून दिलं, आणि जाताना मला विचारलंही, "बारावी झालीस ना? जूनमध्ये इथे येतेस का?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. आण्णांना ते एवढंच म्हणाले, "टोपी घाला, उन्हं आहेत."

आम्ही एसटी स्टँडकडे निघालो. आण्णांचा हात नेहमीसारखा माझ्या खांद्यावर होता. मला तो झटकून टाकावासा वाटत होता. फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर बसलो आणि मग मात्र माझा बांध फुटला.

"सहा वर्षं, आण्णा! सहा वर्षांत तुम्हाला एवढंही कळलं नाही का मला काय येतं? भर सभेत उभं राहून मला खोटं पाडायला निघालात. कुणा शिपायावर विश्वास, मशीनवर विश्वास, आणि माझ्यावर नाही? तुम्हाला काय वाटतं, तुमच्या ताळ्यावर चालतं माझं गणित?"

आण्णा मांडीवरच्या हातांकडे बघत होते.

"ताळा," ते म्हणाले. "ताळा कुठला गं. मला दिसत नाही, नंदे."

मला आधी कळलंच नाही.

"फळा दिसत नाही. तुझी बोटं दिसत नाहीत. तुझा चेहरासुद्धा, हा असा इतका जवळ आलीस तर थोडा दिसतो. कडेकडेचं दिसतं, मधलं गेलंय. मिरजेच्या डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला, आहे एवढंच राहील, जास्त नाही सुधारायचं."

"कधीपासून?"

"झाली की दोन वर्षं."

एक गाडी भरून निघून गेली. मला एकेक आठवत गेलं. खांद्यावरचा तो हात. गर्दीत मला धक्का लागू नये म्हणून ठेवतात, असं मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायची.

"मग टोपीला हात?"

"पेरं मोजताना तुझ्या बांगड्या वाजतात. अंगठा थांबला की थांबतात. त्या थांबल्या की मी लावायचो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"आणि माझं चुकलं असतं तर?"

"चुकली असतीस त्या दिवशी सांगणार होतो," आण्णा म्हणाले. "रोज वाटायचं, आज चुकणार आणि आज सांगावं लागणार. तू चुकेचनास. मग सांगायचं कसं? तुला कळलं असतं, खाली कोणी बघत नाही, तर तुझं तोंड उघडलं नसतं. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे की." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, घाम पुसला. "आज मात्र भ्यालो. म्हटलं, दोन वर्षं पोरगीला मी काही दिलं नाही, नुसती फसवणूक केली. आज खरीखुरी मदत करू. तर नेमकी तीच खोटी निघाली."

मला हसू फुटलं. रडूही येत होतं, पण हसू आधी आलं. आणि मग मला उमगलं. दोन वर्षांतला प्रत्येक कार्यक्रम, प्रत्येक गाव, प्रत्येक आठ आकडी उत्तर, ते सगळं मी एकटीने म्हटलं होतं, खाली कोणी नसताना. त्या वेळी वाटायला हवी होती ती सगळी भीती मला त्या बाकावर बसून एकदम वाटली. दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसले.

"आईला माहीत आहे?" मी थोड्या वेळाने विचारलं.

"तिलाच आधी कळलं. माझ्या ताटात खडा होता, मी तो दाणा म्हणून खाल्ला."

पुढे मी त्याच कॉलेजात शिकले आणि आयुष्यभर गणितच शिकवलं. त्या संख्येचं पोटही सरांच्याच वर्गात उघडून पाहिलं. एकशे एक्कावन्न, सातशे एक्कावन्न आणि अठ्ठावीस हजार तीनशे एक्कावन्न, तिघींचा गुणाकार ती. या प्रत्येकीतून एक वजा करा, आणि त्या मोठ्या संख्येतूनही एक वजा करा, तर त्या तिन्ही वजाबाक्यांनी तिच्या वजाबाकीला बिनतक्रार भाग जातो. म्हणून घातांच्या कसोटीवर ती मूळ असल्याचं बेमालूम सोंग घेते. फळ्यावर हे मांडताना सर म्हणाले होते, हिचं सोंग ओळखायचा एकच उपाय, गुपचूप भागत बसणं. वर्ग हसला होता. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी उन्हं कलली आणि लांबून एक लाल गाडी वळण घेऊन स्टँडात शिरली. आजवर अशा वेळी आण्णा शेजारच्या उतारूशी गप्पा काढायचे, "काय पाव्हणं, ही कुठली म्हणायची?" त्यांना बोलायची भारी हौस, असं मी समजायची. आजही बाकाच्या टोकाला एकजण बसला होता. आण्णांनी त्याच्याकडे वळवलेली मान परत आणली.

"नंदे," ते म्हणाले, "पाटीवर काय लिहिलंय गं? वाच मला."